काडीवरचा देश: जुन्या गॉगलच्या प्रादेशिक आवृत्त्या कशा ओळखायच्या, घ्यायच्या आणि जपायच्या

मामांचा गॉगल सापडला तो त्यांच्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, बँकेच्या पासबुकांखाली. सोनेरी तारेची फ्रेम, हिरवट करडी काच, आणि घडी घातलेलं दुकानाचं बिल. मामी म्हणाली, "अगं, हा दुबईचा नाही हं. इथलाच, राजस्थानातल्या कारखान्याचा. मामा ते कुणाला सांगायचे नाहीत."

न सांगण्यामागचं कारण आपल्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. उदारीकरणाआधी परदेशी गॉगल म्हणजे आखातातून येणाऱ्या नातेवाइकाची भेट. नंतर १९९० च्या दशकात बॉश अँड लॉम्ब या अमेरिकन कंपनीने तेव्हाच्या अलवर जिल्ह्यातल्या भिवाडीत रे-बॅन बनवायला सुरुवात केली, आणि तोच गॉगल कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात मिळायला लागला. "भारतात बनलेला" म्हणजे जरा कमी, असं तेव्हा वाटायचं. संग्राहकाच्या नजरेतून बघितलं तर तो अमेरिकन नमुन्याचा, भारतीय कारखान्यातला, मोजकी वर्षं निघालेला माल आहे. मला या छंदात त्या गॉगलने ओढलं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

प्रादेशिक आवृत्ती हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून आधी तो नीट करून घेऊ. माझ्या हिशेबात त्याचे तीन अर्थ आहेत. एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत बनतं, तो पहिला. ठरावीक भागातल्या चेहऱ्यांसाठी मापं बदलून बनवतात, तो दुसरा. आणि एखाद्या घटनेसाठी किंवा एखाद्या देशाच्या बाजारापुरता काढलेला मर्यादित माल, तो तिसरा. बहुतेक लोक तिसऱ्यामागे धावतात, कारण त्यावर "लिमिटेड" असं लिहिलेलं असतं. मला पहिला प्रकार सगळ्यांत समृद्ध वाटतो. त्यात इतिहास फ्रेमवरच कोरलेला असतो आणि तो वाचता येतो.

आधी वाट निवडा, मग पाकीट उघडा

सुरुवातीला मिळेल तो जुना गॉगल घेऊ नका. एक कंपनी आणि तिचे दोन देश, एवढंच ठरवा. रे-बॅन: अमेरिका आणि भारत. किंवा कझाल: पश्चिम जर्मनीचा मूळ माल आणि आजच्या जर्मनीतला पुनर्निर्मित माल. किंवा करेरा: ऑस्ट्रिया आणि नंतरचा इटली. दोन बाजू शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. दहा कंपन्यांची एकेक जोडी घेतली तर दहाही अनोळखीच राहतात.

पहिले दोन-तीन महिने काहीही विकत न घेता फक्त बघा. जुन्या विक्रीचे फोटो साठवा, काड्यांच्या आतल्या बाजूचे, बिजागरीचे, काचेच्या कडेचे. एकाच मॉडेलचे तीस-चाळीस फोटो बघून झाले की एकेचाळिसाव्यात काहीतरी खटकायला लागतं. काय खटकलं ते सांगता येण्याआधीच खटकतं. ही नजर वाचून येत नाही, ती बघूनच तयार होते.

चार साक्षीदार

जुना गॉगल हातात आला की मी चार गोष्टींची साक्ष काढते: काडीवरचा शिक्का, काच, बिजागरी-स्क्रू, आणि फ्रेमचा पदार्थ. चौघांनी एकाच काळाबद्दल बोलायला हवं. एकाने १९७५ सांगितलं आणि दुसऱ्याने २००५, तर माल नकली असेल किंवा नंतर भाग बदललेले असतील. दोन्ही गोष्टी कळणं गरजेचं आहे.

शिक्क्यात देशाचं नाव सगळ्यांत मोलाचं. "डब्ल्यू. जर्मनी" असं काडीवर असेल तर ती फ्रेम जर्मनीचं एकीकरण होण्याआधीची असायला हवी. पश्चिम जर्मनी हा देश १९४९ ला झाला आणि ३ ऑक्टोबर १९९० ला एकीकरण झालं, म्हणजे काळाला दोन्ही बाजूंनी भिंती मिळतात. आता सीई ही युरोपीय बाजाराची खूण घ्या. ती गॉगलवर दिसू लागली १९९० च्या दशकात. मग एकाच काडीवर "डब्ल्यू. जर्मनी" आणि "सीई" दोन्ही असतील तर?

मला हे उशिरा कळलं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी "सत्तरच्या दशकातला, पश्चिम जर्मनीचा" म्हणून एक गॉगल घेतला. फोटोंत फक्त समोरची बाजू होती. पार्सल आलं तेव्हा उजव्या काडीवर देशाचं नाव आणि त्याच ओळीत छान ठसठशीत सीई. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून काडीच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवल्याशिवाय मी भावाची बोलणी सुरूच करत नाही.

शिक्क्यात मापंही असतात. ५८□१४ असं दिसलं तर ५८ म्हणजे काचेची रुंदी आणि १४ म्हणजे नाकावरचं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मधला चौकोन हे मापनपद्धतीचं चिन्ह आहे. काडीची लांबी, उदाहरणार्थ १४०, वेगळी दिलेली असते. साधी मोजपट्टी घेऊन ताडून बघा. शिक्क्यातलं माप आणि खरं माप जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

काच बोलते, पण हळू. खरी काच असेल तर गालाला गार लागते आणि नखाने टिचकी मारल्यावर टणक आवाज येतो, प्लास्टिकचा आवाज बोदा असतो. काचेच्या कडेला, बिजागरीजवळ, अतिशय बारीक कोरीव अक्षरं शोधा. बॉश अँड लॉम्बच्या काळातल्या रे-बॅनवर बहुतेक वेळा दोन्ही काचांवर "बीएल" असतं, नंतर रे-बॅन विकत घेणाऱ्या लक्झॉटिकाच्या काळातल्यावर "आरबी". थेट उजेडात ही अक्षरं दिसत नाहीत. खिडकीजवळ उभं राहून काच तिरपी करा, मागे काळा कपडा धरा, मग एकदम उमटतात. मामांच्या गॉगलवर ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मामीला हाक मारून दाखवली होती.

बिजागरीचं सांगायचं तर दणकटपणा बघा. जुन्या चांगल्या फ्रेममध्ये बिजागरी प्लास्टिकमध्ये खोल रुतवलेली किंवा रिव्हेटने बसवलेली असते, आणि काडी मिटताना एकसारखी अडत अडत मिटते. नकली मालात ती वरून चिकटवलेली असते आणि काडी लुळी पडते. स्क्रूची खाच खरवडलेली असेल तर कुणीतरी उघडून काहीतरी बदललंय.

पदार्थाबद्दल पुढे जागोजागी येईल.

रे-बॅन: अमेरिका, इटली, भिवाडी

बॉश अँड लॉम्ब ही कंपनी मुळात गॉगलची नव्हती. १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जॉन जेकब बॉश आणि हेन्री लॉम्ब यांनी चष्म्याचं काम सुरू केलं. वैमानिकांच्या डोळ्यांवर येणारी तिरीप कमी करण्यासाठी बनवलेला गॉगल १९३७ मध्ये रे-बॅन या नावाने बाजारात आला. वेफेरर हे जाड प्लास्टिक फ्रेमचं मॉडेल १९५२ चं. १९५३ मध्ये जी-१५ काच आली. त्यातला १५ म्हणजे दृश्य प्रकाशापैकी १५ टक्केच आत येऊ देणारी, हिरवट करडी. ही काच रंग फारसे बिघडवत नाही, म्हणून आजही तिला तोड नाही असं माझं मत आहे.

अमेरिकन मालावर नाकाच्या पट्टीवर किंवा काडीवर "बी अँड एल रे-बॅन यू.एस.ए." असं असतं. जुन्या धातूच्या फ्रेमवर आणखी एक मौज असते, सोन्याचा हिशेब. "१/१० १२के जीएफ" म्हणजे फ्रेमच्या वजनाचा दहावा भाग १२ कॅरट सोन्याचा थर. १२ कॅरट म्हणजे निम्मं शुद्ध सोनं, तेव्हा एकूण वजनाच्या सुमारे ५ टक्के. नंतरच्या "१/३० १०के जीओ" मध्ये हेच गणित केलं तर १.४ टक्क्यांच्या आसपास येतं. आकडे लहान वाटतात, पण साध्या मुलाम्यापेक्षा हा थर बराच जाड असतो. म्हणूनच साठ-सत्तर वर्षांनंतरही फ्रेम झळकते. आपल्याकडे सोनाराकडे नेऊन "पॉलिश करून द्या" म्हणायची सवय आहे. ते इथे करू नका. पॉलिश म्हणजे तोच थर घासून काढणं.

दुर्मीळ काय आणि मुबलक काय हे कळायला विक्रीचा इतिहास उपयोगी पडतो. १९८१ मध्ये वेफेरर जेमतेम १८,००० विकले गेले आणि मॉडेल बंद पडायच्या बेतात होतं. पुढच्याच वर्षी कंपनीने सिनेमा-मालिकांत गॉगल दिसावेत म्हणून करार केला आणि १९८३ मध्ये विक्री ३,६०,००० वर गेली. म्हणून ऐंशीच्या दशकातला अमेरिकन काळा वेफेरर जुना असला तरी दुर्मीळ नाही. विक्रेता "व्हिंटेज, रेअर" म्हणाला तरी काळ्याला दुर्मीळ मालाचा भाव देऊ नका. दुर्मीळ असतात ते वेगळे रंग, कमी चाललेली मापं, आणि १९८७ साली पन्नाशीनिमित्त आलेल्या "जनरल" सारखी मॉडेलं. १९९२ च्या ऑलिंपिकच्या वेळी काडीवर पूर्वीच्या यजमान शहराचं नाव नि वर्ष असलेली मालिका निघाली होती. तीत शहरागणिक जोडी जमवण्याचा वेगळाच नाद आहे.

काचेवर पांढऱ्या अक्षरांत "रे-बॅन" छापलेलं असलं म्हणजे माल खरा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. खरं तर जुन्या अमेरिकन जोड्यांच्या काचेवर हे नाव छापलेलंच नसे. तेव्हा "पन्नासच्या दशकातला" म्हणून दाखवलेल्या गॉगलच्या काचेवर ठळक नाव असेल तर निदान काच तरी नंतरची आहे.

१९९९ मध्ये लक्झॉटिका या इटालियन कंपनीने रे-बॅनसह बॉश अँड लॉम्बचा गॉगलचा धंदा ६४ कोटी डॉलरला घेतला. संग्राहकांसाठी हीच दुभागणी. अलीकडे बॉश अँड लॉम्ब, पलीकडे लक्झॉटिका. पलीकडच्या मालावर मॉडेलचा आकडा "आरबी" ने सुरू होतो, एव्हिएटर म्हणजे वैमानिकांचा तो गॉगल आरबी ३०२५, मूळ वेफेरर आरबी २१४०. एक धागा मात्र तुटला नाही. आजच्या सोनेरी एव्हिएटरच्या रंगाचा क्रमांक एल ०२०५ आहे, तो बॉश अँड लॉम्बच्या जुन्या क्रमांकांतूनच आलेला. त्यामुळे नव्या काडीवर एल किंवा डब्ल्यू ने सुरू होणारा क्रमांक दिसला म्हणून ती जुनी समजू नका.

आता भारत. परदेशी विक्रेते आणि आपले लोक, दोघेही इथे एकच चूक करतात: "मेड इन इंडिया" किंवा "मेड इन चायना" दिसलं की नकली ठरवून मोकळे होतात. भिवाडीत खरे रे-बॅन बनले, लक्झॉटिकाने कारखाना ताब्यात घेतल्यावरही बनत राहिले. कंपनीचे कारखाने चीनमध्येही आहेत. देशाचं नाव हा खोटेपणाचा पुरावा नाही. ते फक्त एका साक्षीदाराचं म्हणणं आहे, ते बाकी तिघांशी ताडून बघायचं. आणि हाच गैरसमज आपल्या फायद्याचा आहे. बाहेरच्या बाजारात भारतीय माल अजून दुर्लक्षित आहे, आपल्या घरांत तो कपाटात पडून आहे. मामांच्या पिढीतल्या माणसांना विचारा. तालुक्याच्या गावी तीस वर्षं चाललेल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन "काका, जुना न विकलेला माल आहे का?" असं नम्रपणे विचारा. माळ्यावरची खोकी खाली येतात. त्यात मूळ स्टिकर, केस, वॉरंटी कार्ड सगळं असतं, आणि या कागदांमुळे फ्रेमची ओळख पक्की होते.

कझाल आणि करेरा: जर्मन भाषक प्रदेशाची दोन टोकं

कझाल हे नाव संस्थापक डिझायनर कारी झालोनी यांच्या नावाची अक्षरं जोडून झालं, १९७५ मध्ये. अथेन्समध्ये जन्मलेला ऑस्ट्रियन माणूस, पश्चिम जर्मनीतली कंपनी, आणि खरं वेड लागलं ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय तरुणांना, हिप-हॉप संगीताच्या पहिल्या पिढीला. म्हणून ६०७ सारखी जाडजूड फ्रेम आज जर्मनीपेक्षा अमेरिकेतून येण्याची शक्यता अधिक. तिथून आलेल्या जोड्यांच्या काचा पुष्कळदा बदललेल्या असतात, कारण लोकांनी त्यात आवडीच्या रंगाच्या काचा बसवून घेतल्या. फ्रेम मूळ असेल तर मला ते चालतं. पण भाव ठरवताना ते बोलून दाखवा.

कंपनी आज हीच जुनी मॉडेलं "लेजंड्स" म्हणून पुन्हा बनवते आणि आकड्यापुढे तिरकी रेघ मारून ३ लिहिते: ६०७/३, ६१६/३. उत्तम माल आहे, खरा आहे, पण जुना नाही. मूळ जोडीवर "डब्ल्यू. जर्मनी", नव्यावर नुसतं "जर्मनी". फोटोत अंगठ्याने नेमका तेवढा भाग झाकलेला असेल तर विक्रेत्याला पुन्हा फोटो मागा.

ऑस्ट्रियाची गोष्ट विल्हेल्म आंगर यांच्यापासून सुरू होते. करेरा १९५६ ची, मेक्सिकोतल्या मोटार शर्यतीवरून नाव घेतलेली. आंगर यांनीच ऑप्टिल हा पदार्थ आणला. हा इपॉक्सी राळेचा प्रकार, चष्म्याच्या फ्रेमसाठी नेहमी वापरतात त्या अ‍ॅसिटेट प्लास्टिकपेक्षा हलका. ऑप्टिलला आपला आकार आठवतो: वाकडी झालेली काडी गरम केली की मूळ जागी येते. करेराबरोबर डिऑरच्या जुन्या फ्रेमही याच पदार्थाच्या, आणि आतल्या बाजूला "ऑप्टिल" शिक्का असतो.

इथे सावध राहा. गार ऑप्टिल वाकवायचा प्रयत्न केलात तर तो काडकन तुटतो, आणि तुटलेला ऑप्टिल धड जोडता येत नाही. चष्म्याच्या दुकानात फ्रेम नीट करायला दिलीत तर आधी सांगा: "ही ऑप्टिल आहे, भरपूर गरम करून मगच वाकवा." नव्या मुलांना हा पदार्थ माहीत नसतो. माझी एक डिऑर अशीच गेली, आणि चूक माझी होती, मी सांगितलंच नव्हतं. आणखी एक: ऑप्टिलमध्ये रंग वरच्या थरातच मुरवलेला असतो. खोल ओरखडा पडला की आत फिकट दिसतं. म्हणून "थोडं बफिंग करून चकचकीत करू" हा सल्ला ऐकू नका.

करेराने पोर्शे डिझाइनसाठी बनवलेले ५६२१ आणि ५६२३ हे बदलत्या काचांचे गॉगल या प्रदेशाचं सगळ्यांत सुंदर काम आहे. पहिला मोठ्या मापाचा, दुसरा लहान. यात काच खटक्याने निघते आणि दुसऱ्या रंगाची बसते. पूर्ण संचात केस, जादा काचा, पुस्तिका असायला हवी. नुसती फ्रेम मिळाली आणि काचा नंतर शोधू म्हणाल तर शोधतच राहाल. १९९६ मध्ये सफिलो या इटालियन कंपनीने करेरा घेतली, तेव्हा "मेड इन ऑस्ट्रिया" हा शिक्का इथे तुमचा मुख्य आधार.

जपान, थोडक्यात

फुकुई प्रांतातलं साबाए हे जपानच्या चष्म्यांचं गाव. १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी बर्फाळ हिवाळ्यात शेतकऱ्यांना काम मिळावं म्हणून फुकुईत फ्रेम बनवण्याचा उद्योग आणला, आणि आज देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त फ्रेम त्याच प्रांतात बनतात. टायटॅनियमच्या फ्रेम जगात पहिल्यांदा इथल्याच, १९८० च्या दशकातल्या. परदेशी नावाच्या अनेक फ्रेमच्या आत "जपान" दिसतं ते त्यामुळेच. झाँ पॉल गोतिए या फ्रेंच फॅशन डिझायनरचे यंत्राच्या सुट्या भागांसारखे दिसणारे नव्वदच्या दशकातले गॉगल तिथलेच. टायटॅनियम फ्रेम हातात घेतल्यावर वजनच लागत नाही, आणि लोहचुंबक तिला ओढत नाही.

आशियाई मापाच्या आवृत्त्याही बघा. नाकाचा पूल कमी उंच असलेल्या चेहऱ्यांसाठी नोजपॅड जाड केलेले असतात. रे-बॅनमध्ये आकड्यानंतर "एफ" येतो, आरबी २१४० एफ. भारतात अनेकांना हेच माप जास्त चांगलं बसतं, गालाला फ्रेम टेकत नाही. जमवायला कितपत रस आहे हे तुमचं तुम्ही ठरवा. मी दोनच ठेवल्या आहेत.

खरेदी करताना

मुंबईचा चोरबाजार, पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथे जरूर जा. पण ढिगातल्या बहुतेक गोष्टी फर्स्ट कॉपी असणार हे धरूनच. तिथे मी फक्त काच आणि बिजागरी बघते, शिक्का शेवटी, कारण शिक्का मारणं सगळ्यांत सोपं असतं. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी टॉर्च ठेवा.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून हे फोटो मागते: दोन्ही काड्यांची आतली बाजू, नाकाची पट्टी, तिरप्या उजेडात काचेची कड, काड्या अर्ध्या उघड्या असताना बिजागरी, आणि फ्रेम टेबलावर उलटी ठेवून वरून. शेवटच्या फोटोत फ्रेम पिळलेली आहे का ते कळतं. मग तीन प्रश्न. काचा मूळच्या आहेत का? त्यात नंबर घातलेला आहे का? कुठे चिकटवलंय का? खरा विक्रेता लगेच उत्तर देतो.

मागितलेला भाव हा भाव नव्हे. झालेल्या विक्रीचे आकडे शोधा. बाहेरून मागवणार असाल तर टपालखर्च, कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचे स्वतःचे आकार धरून मगच परवडतं का ते ठरवा. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका. पार्सल अडकलं की सोडवायला आणि हरवलं की भरपाई मागायला तेच आडवं येतं. पुणे-मुंबईच्या अनेक घरांतली मुलं अमेरिकेत, जर्मनीत आहेत. विक्रेत्याने त्यांच्या पत्त्यावर पाठवणं आणि सुट्टीला येताना त्यांनी वापरायची वस्तू म्हणून घेऊन येणं, एकेका जोडीपुरतं मला तेच बरं वाटतं.

एका गोष्टीत तडजोड नाही. खऱ्या कासवाच्या कवचाच्या जुन्या फ्रेम बाजारात फिरतात. हॉक्सबिल कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराने बंद आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. कितीही देखणी असो, घेऊ नका, मागवू नका. बहुतेक "टॉर्टॉइज" फ्रेम म्हणजे त्या रंगाचं अ‍ॅसिटेट असतं, त्याला काही अडचण नाही. विक्रेता अभिमानाने "रिअल शेल" म्हणाला तर तिथेच थांबा.

घरी आल्यावर

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बोटं. एवढ्याने निम्मं काम होतं. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर फ्रेमला लावू नका, अ‍ॅसिटेट विरघळतं किंवा पांढरं पडतं. बिजागरीशी आणि नोजपॅडच्या मुळाशी हिरवं साचलेलं असेल तर ती धातूची कळक आहे, तांब्याच्या भांड्याला येते तशीच. लाकडी दातकोरणीने, साबणाच्या पाण्यात भिजवून काढा. टाचणी वापरू नका. पिवळे नोजपॅड बदलले तर जुने फेकू नका, छोट्या पाकिटात नोंद करून ठेवा.

घालणार असाल तर आधी चष्म्याच्या दुकानात काचा अतिनील किरणांच्या मीटरवर तपासून घ्या. बॉश अँड लॉम्बची खरी जी-१५ काच चांगलं संरक्षण देते, पण जुन्या प्लास्टिकच्या किंवा नंतर बसवलेल्या गडद काचेचा भरवसा नाही. गडद काचेमागे बाहुली विस्फारते, आणि काच किरण अडवत नसेल तर डोळ्यात नेहमीपेक्षा जास्तच जातात.

पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी हे विशेष वाचा. संग्रहाचं सगळ्यांत जास्त नुकसान जून ते सप्टेंबरमध्ये होतं. जुन्या केसमधला फोम दमट हवेत भुगा होतो, चिकट होतो आणि फ्रेमला डकतो. तो एकदा अ‍ॅसिटेटवर बसला की डाग जात नाही. म्हणून फ्रेम मूळ केसमध्ये ठेवू नका. केस वेगळी, फ्रेम वेगळी, दोन्हींवर एकच क्रमांक. फ्रेम धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून हवा खेळेल अशा खणात ठेवा, सोबत रंग बदलणारी सिलिका जेलची पुडी. रंग बदलला की पुडी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका.

महिन्यातून एकदा खण उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर एखादं अ‍ॅसिटेट आतून बिघडायला लागलंय. ती जोडी लगेच बाकीच्यांपासून दूर करा, कारण त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या फ्रेमनाही पोचतं. कापरासारखा वास येणारी खूप जुनी फ्रेम सेल्युलोज नायट्रेट या जुन्या प्लास्टिकची असू शकते. ती सहज पेट घेते, म्हणून उन्हात, गाडीत, स्वयंपाकघराजवळ अजिबात नको.

वही

प्रत्येक जोडीची एक पानभर नोंद करा. दोन्ही काड्यांवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकीचं स्पेलिंग असेल तर तेही. माप, वजन ग्रॅममध्ये, काचेवरची कोरीव अक्षरं, बदललेले भाग, कुठून आणि कितीला घेतली, कुणी वापरली. शेवटचं बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि मग गॉगल उरतो पण तो घालणारा माणूस कुठल्या गावचा होता ते कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या वहीत पहिल्या पानावर मामांचा गॉगल आहे. कुठे बनला: भिवाडी. काचेवर: बीएल, दोन्ही बाजूंना. डाव्या काडीच्या टोकाशी प्लास्टिकवर दाताच्या खुणा, बदल करायचा नाही. बिल सोबत. वापरणाऱ्याच्या रकान्यात मी मामांचं नाव लिहिलं आणि वही मामीसमोर ठेवली. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "खाली लिही, स्कूटर चालवताना घालायचे." ते लिहिलंय.